डाव्या हातातली अंगठी

लेविना नैसेचा कशावरच विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. तिचा तराजूवर होता, भिंतीवरच्या घड्याळावर होता आणि रविवारच्या प्रवचनाच्या निम्म्या भागावर तरी होता. माणसांवर विश्वास ठेवायची सवय मात्र तिने लावून घेतली नव्हती. खूस गावच्या बाजारचौकामागच्या गल्लीत तिचं चांदीचं दुकान, सासऱ्यांपासून चालत आलेलं. समोरच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'नैसे' एवढंच. आत आमच्या झेलंड प्रांतातल्या जुन्या जाळीदार गुंड्या, कानातली, साखळ्या आणि लग्नाच्या अंगठ्या.

अंगठीचं माप घेताना लेविना एकच प्रश्न विचारायची, "डावी की उजवी?" कॅथलिक माणूस लग्नाची अंगठी डाव्या हातात घालतो, प्रॉटेस्टंट उजव्या. हल्लीच्या पोरांना याचं काही नाही, मनाला येईल त्या बोटात अडकवतात. पण लेविनाच्या पिढीचा माणूस नाव विचारायच्या आधी समोरच्याचा हात बघून घेतो, आणि लेविनाचा तर तो धंदाच. हात बघितला की चर्च कळलं, चर्च कळलं की गाव कळलं, आणि गाव कळलं की बाकीचं विचारायला उरलं काय?

दुकानात काम करायला गोडेलीव होती. हेरनहूक गावची, म्हणजे पक्की कॅथलिक. अंगठी डाव्या हातात. मोठ्याने हसणारी, कार्निव्हलच्या सणाला चार दिवस हक्काची सुट्टी घेणारी. विशीत कामाला लागली ती केस पिकायला लागले तरी तिथेच. दोघींना सारखेच निळे कोट, एकीचा मोठा, एकीचा बारका. गोडेलीव तिला 'बाई' म्हणायची, लेविना तिला 'लीव'. एवढ्या वर्षांत भांडण नाही. पण कोट खुंटीला लावल्यावर लेविनाची नजर त्याच्या खिशांवरून एकदा फिरायचीच. त्यात राग नव्हता. दिवा घालवला का बघावं तसं.

आता कॅमेऱ्यांचं. दुकानातले कॅमेरे इतके जुने झाले होते की हिवाळ्यात कानातल्यांचा एक जोड गेला तेव्हा पडद्यावर चोर म्हणून दिसलं ते टोपी घातलेलं बटाट्याचं पोतं. पोलीस शिपाई हसला. ते हसणं लेविनाच्या जिव्हारी लागलं आणि तिने बास्तियानला बोलावलं.

बास्तियान कॅमेरे बसवणारा, बारीक, सावकाश बोलणारा. त्याने आधी मागच्या खोलीतल्या कपाटातला रेकॉर्डर पाहिला, मग लेविनाकडे पाहिलं.

"कॅमेऱ्यांबरोबर हाही बदलू या, बाई. म्हातारा झालाय."

"म्हातारा झाला म्हणजे काय? चालतो ना? माझा नवराही म्हातारा झालाय, तो बदलला का मी?"

गोडेलीव मागून म्हणाली, "दुसरा नवरा मिळाला तर बघा, बास्तियान. नव्या तारा मात्र बाई घेणार नाहीत."

बास्तियानने डबा उघडून पाहिला, परत लावला. "घेईल हा नवे कॅमेरे. तारासुद्धा याच चालतील. पण चित्र साठवणार आपल्या कुवतीनेच. डोळे नवे, डोकं जुनं, असं होणार. आणि आतली छोटी बॅटरी मेलीय. वीज काढली की हा तारीख विसरतो. जाताना मी लावून देईन, पण बॅटरी बदललेली बरी."

"बरी असेल," लेविना म्हणाली. तिच्या मनात पाल चुकचुकली होती. आधी अख्खा डबा विकायला बघत होता, ते जमलं नाही तर आता बॅटरी. पुढचं तिने नीट ऐकलंच नाही.

दिवसभर काम चाललं. बास्तियान माळ्यावर चढला की लेविनाच्या जिवाची घालमेल व्हायची आणि उतरला की जास्त व्हायची. परका माणूस, खिशाखिशांची विजार, आणि दुकानभर चांदी. तो वर गेला की ती दागिन्यांचं एकेक ताट तिजोरीत नेऊन ठेवायची, उरलंसुरलं इकडेतिकडे सरकवायची, आणि तो खाली आला की काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने गल्ल्यापाशी उभी राहायची. चार वाजता तिने पाहुण्यांचा बिस्किटांचा डबा काढला, कॉफीबरोबर त्याला एक बिस्किट दिलं आणि झाकण लावलं. झेलंडच्या माणसाला याचं नवल नाही. कॉफी कितीदाही मिळेल, बिस्किट एकच.

"बाई, दिवसभर शिडीवर आहे तो. दुसरं द्या की," गोडेलीव म्हणाली.

"दात किडतील त्याचे."

बास्तियान हसला, चित्रं नीट लावून, बिल ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी लेविनाने सगळी ताटं जागेवर मांडली. काही कमी नव्हतं. तिने स्वतःलाच शाबासकी दिली.

दोन आठवड्यांनी कपेल गावच्या म्हाताऱ्या पीटर्नेलाचा फोन आला. तिच्या आजेसासऱ्यांच्या विजारीच्या दोन मोठ्या चांदीच्या गुंड्या, बशीएवढ्या, पिढ्यांपासूनच्या; एकीचा आकडा तुटला म्हणून दुकानात दिल्या होत्या. नातवाचं लग्न होतं, त्याच्या कमरेला त्या लागणार होत्या. "शनिवारी येते गं," म्हातारी म्हणाली.

लेविनाने दुरुस्तीचा खण ओढला. गुंड्यांचं पाकीट नव्हतं. खण पूर्ण बाहेर काढला, उपडा केला, तिजोरी पाहिली, पुन्हा खण पाहिला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानातली वस्तू गेली तर नुकसान. लोकांची गेली तर नाव गेलं. आणि काचेवर नावाशिवाय दुसरं होतं काय?

गोडेलीवला विचारणं सोपं होतं, म्हणून तिने विचारलं नाही. ती बघत राहिली. गोडेलीव शीळ घालत आली, तर आज एवढी खुशीत का? गोडेलीव पिशवी घेऊन मागे गेली, तर पिशवी कशाला? गोडेलीव म्हणाली, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" तर हिला माझ्या चेहऱ्यावरचं वाचायची एवढी घाई का? संशयाचा किडा असाच असतो. एकदा लाकडात शिरला की त्याला रोज नवं लाकूड लागतं.

रात्रीच्या जेवणाला मारिनुस, तिचा नवरा, बटाटे कुस्करत म्हणाला, "सरळ विचार तिला."

"चोराला विचारून चोरी कळते होय?"

"चोर कधी ठरली ती?"

लेविनाने मीठ त्याच्यापुढे आदळलं. तो पुन्हा बटाटे कुस्करू लागला.

दुसऱ्या दिवशी गोडेलीव जेवायला गेल्यावर लेविना मागच्या कपाटापुढे स्टूल घेऊन बसली. खणावरच्या कॅमेऱ्याचं सगळं चित्रण तिने मागे मागे नेत पाहिलं. खण उघडतोय, मिटतोय, प्रत्येक वेळी चेहरा दिसतोय, पाकिटाला कोणी हात लावत नाहीये. रोजच्या तारखा संपल्या आणि अगदी तळाशी एक भलतीच तारीख निघाली. पहिली जानेवारी, कितीतरी जुन्या सालातली. त्या दिवशी हे कॅमेरे तर नव्हतेच. कोणीतरी तारखेशी खेळलंय, लेविनाच्या मनाने ताबडतोब निकाल दिला. कपाटाची किल्ली कुठे असते ते माहीत असलेल्या कोणीतरी.

तिने ते चित्र लावलं. कॅमेरा खाली झुकलेला, म्हणून डोकं दिसत नव्हतं. खण, गल्ल्याची कड, मागे काचेचा तुकडा आणि त्यावर दुकानाचं नाव. एक निळी बाही आली. हाताने खण ओढला, पाकीट उचललं, खण मिटला. जुन्या डब्याने चित्र फोडणीतल्या मोहरीसारखं दाणेदार करून ठेवलं होतं. पण बोटावर क्षणभर काहीतरी चमकलं. लेविनाने तिथेच थांबवलं.

अंगठी. डाव्या हातात.

निळे कोट दोघींनाच. एकीची अंगठी डावी, एकीची उजवी. यात आणखी शोधायचं काय होतं? लेविनाला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते बरं. आपलं खरं ठरल्यावर माणसाला जे वाटतं ते. इतकी वर्षं खिशांवरून नजर फिरवली ती फुकट गेली नाही, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते येऊ दिलं.

गोडेलीव परत आली, तिला तिने मागे बोलावलं आणि पडदा दाखवला.

"हे काय आहे?" गोडेलीव म्हणाली.

"पीटर्नेलाच्या गुंड्या. हात बघ."

गोडेलीव वाकली. पुन्हा लावा म्हणाली. मग सरळ उभी राहिली. "हा हात माझा नाही, बाई."

"अंगठी बघ, लीव. कोट बघ. हा कोट तुझ्यामाझ्याशिवाय आहे कोणाला? आणि माझी अंगठी ही अशी, उजवीकडे."

"अंगठी डाव्या हातात आहे म्हणून मी?"

"मला पोलीस नकोत. शनिवारच्या आत आणून ठेव. मी कोणाला सांगणार नाही."

गोडेलीवचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. ती रडली असती तर लेविनाला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. तिने कोट काढला, घडी घातली, गल्ल्यावर ठेवला आणि त्याचे दोन्ही खिसे लेविनासमोर उलटे करून दाखवले. एकात रुमाल होता, दुसऱ्यात पेन्सिल. मग ती निघून गेली. म्हणजे इतकी वर्षं तिला ते ठाऊक होतं.

लेविना कोणाला सांगणार नव्हती. पण पीटर्नेलाला तर सांगायलाच हवं होतं.

"सापडल्या नाहीत अजून," ती फोनवर म्हणाली. "पण कोणी नेल्या ते कळलंय. मिळतील."

"कोणी गं?"

"हेरनहूकची आहे. एवढंच सांगते."

"हां, हेरनहूक," म्हातारी म्हणाली, जणू सगळा उलगडा झाला. आणि शुक्रवारी सकाळी पाववाला लेविनाला म्हणाला, "ऐकलं ते खरं का? इतकी हसरी बाई. पण हसणारी माणसंच..." लेविनाने पैसे मोजून दिले, आणि त्याचं वाक्य तसंच उघडं राहिलं.

त्याच सकाळी काच पुसायची होती. हे गोडेलीवचं काम. लेविनाने बादली भरली, बाहेरून पुसली, आत आली, आतून पुसायला लागली. आतून नाव उलटं दिसतं. शेवटचं अक्षर आधी, पहिलं शेवटी, प्रत्येकाचं पोट भलत्या बाजूला. लग्न होऊन आली तेव्हापासून गल्ल्यामागून तिने हेच पाहिलं होतं. दुसऱ्या अक्षरावर फडका गेला आणि तिथेच थांबला.

पडद्यावर, त्या हाताच्या मागे, काचेवर नाव होतं. आणि ते तिने वाचलं होतं. सहज, सरळ. आपलं नाव माणूस जसं वाचतो, न वाचता.

ओला फडका हातात घेऊनच ती कपाटाकडे गेली. आधी आजचं चित्र लावलं: काचेवरचं नाव उलटं, आतून दिसतं तसं. मग ते जुन्या तारखेचं: नाव सरळ. मुद्रेची अंगठी उलटी कोरावी लागते म्हणजे ठसा सरळ उठतो, हे सासऱ्यांनी तिला पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. तिच्याइतकं हे गावात कोणाला कळत होतं? आणि तिलाच दिसलं नव्हतं. तिने बास्तियानला फोन लावला. विचारायचे पैसे लावील म्हणून इतके दिवस लावला नव्हता.

"तो खणावरचा कॅमेरा," ती म्हणाली, "कधी उलटा होता का? डावं उजवीकडे?"

"पहिल्या दिवशी होता की. फिरलेलं चित्र आलं आणि तोंडही खाली होतं. सगळं सरळ केलं मी निघताना. तारीखही तेव्हाच लावली, तोवर डबा वीस वर्षं मागे होता. सांगितलं होतं, बाई."

"सांगितलं होतंस," लेविना म्हणाली.

तिने फोन ठेवला. डावं ते उजवं. मग निळ्या कोटातली उजव्या हातातली अंगठी कोणाची, हे सांगायला बास्तियान लागत नव्हता. तिने स्वतःचा हात पडद्याजवळ धरला. करंगळी जराशी बाहेर वळलेली, बोटाच्या सांध्यावर फुगवटा. याच हाताने ती रोज कॉफी ओतत होती. गावभर चोर शोधला आणि तो कोपरापाशी लटकत होता.

बास्तियान माळ्यावर. ताटं तिजोरीत. आणि गुंड्या? लोकांची वस्तू, तिजोरीसुद्धा तिला पुरेशी वाटली नव्हती. जिथे कोणी हात घालणार नाही अशी जागा हवी होती. तिला आता आठवलं.

पाहुण्यांचा बिस्किटांचा डबा तिने गल्ल्यावर उपडा केला. बिस्किटं, त्याखालचा कागद, आणि कागदाखाली पाकीट.

दुपारी दुकान बंद करून ती हेरनहूकला गेली. गोडेलीवने दार उघडलं, तिला पाहिलं, आणि काही न बोलता आत वळली. दार मात्र लावलं नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी लेविना बसली आणि पाकीट पुढे ठेवलं.

"सापडलं."

"कुठे?"

"बिस्किटांच्या डब्यात. तळाशी. मीच लपवलं होतं, बास्तियान आला त्या दिवशी."

गोडेलीवला हसू फुटलं. तेच तिचं मोठं हसू, पण लगेच विझलं. "दुसरं बिस्किट दिलं असतंत त्याला," ती म्हणाली, "तर तेव्हाच आठवलं असतं."

"हो."

"आणि तो हात?"

"माझा. चित्र उलटं होतं, लीव. डाव्याचं उजवं झालं होतं. मी तुझी माफी मागायला आलेय."

गोडेलीवने कॉफी ओतली. दोन कप भरले, एक लेविनाकडे सरकवला, आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला 'तू' म्हणाली.

"चित्र उलटं होतं ते ठीक आहे, लेविना. पण तू तो हात पाहिलास. जन्मभर वापरलेला. आणि तुला तो ओळखू आला नाही, कारण अंगठी आमच्या बाजूला होती."

खरं होतं, आणि तिला लाज वाटत होती, तोंड लपवावं इतकी. ती म्हणाली, "मी पीटर्नेलाला सांगते. पाववाल्याला सांगते. सगळ्यांना सांगते, हात माझा होता म्हणून."

"सांग. हसतील तुला. बिस्किटांच्या डब्याची गोष्ट पुढची दहा वर्षं सांगतील, तुझ्यासमोर, टाळ्या देऊन. आणि माझं नाव निघालं की म्हणतील, 'ती का, तिचं काहीतरी झालं होतं ना चांदीचं?' काय झालं होतं ते कोणाला आठवणार नाही."

बाहेर कोणाची तरी सायकल गेली. लेविनाने कप उचलला, पुन्हा ठेवला.

"सोमवारी येशील?"

"नाही."

"मग त्याच्या पुढच्या?"

गोडेलीवने फळीवरून बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडून बाजूला ठेवलं आणि डबा टेबलाच्या मधोमध आणला. लेविनाने हात पुढे केला. तो मध्येच थांबला. अंगठी, करंगळी, सांध्यावरचा फुगवटा. एक बिस्किट घेऊन तिने हात मांडीवर ओढून घेतला.

"आणखी घे," गोडेलीव म्हणाली. "आमच्याकडे झाकण लावत नाहीत."

लेविनाने दुसरं बिस्किट घेतलं, आणि दोन्ही न खाता हातात धरून ठेवली.